बिननावाची बटणं

नको, केबल लावू नकोस इतक्यात, चहा घे आधी, गार होईल. अगं कादंबरी, बस गं, निशिकांतला यायला वेळ आहे. पलीकडच्या ब्लॉकखाली करी पफ आणायला गेलाय म्हणजे तिथल्या अंकलशी गप्पा मारल्याशिवाय परत यायचा नाही. एकटाच जातो, हो. काठी घेऊन. तू नको काळजी करूस, काळजी करायला मी आहे. लिफ्ट मजला सांगते, सिग्नल टकटक करतो, आणि परदेशातला असला तरी टॅम्पिनीसचा हा कोपरा त्याला पायांनी पाठ आहे. मी म्हटलं, मी जाते, तू बस पाहुणीशी बोलत — तर म्हणाला, ती पोरगी शनिवारची सुट्टी सोडून शहराच्या त्या टोकाच्या क्लेमेंटीहून एवढं लांब MRT ट्रेनने आली आणि आपण तिच्यापुढे डब्यातली बिस्किटं ठेवणार का? मीच जातो. बरं, जा बाबा. साखर कमी तर नाही ना झाली? तर ती केबल — त्याच्या फोनला लावून दुरुस्ती टाकायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं? मग घाई कशाला करायची.

तू काय करायला आलीस ते मला कळतं हं, मी काही अगदीच अडाणी नाही. मला समजलंय ते बरोबर आहे का सांग. ह्या मेसेजच्या ॲपला कंपनी नाही, मालक नाही, मधे कुणाचं मोठं कॉम्प्युटर बसलेलं नाही — ह्याच्या फोनमधून निघालेला मेसेज कुलूपबंद होऊन त्याच्या फोनमध्ये जातो आणि किल्ली त्या दोघांकडेच. फोन नंबरसुद्धा द्यावा लागत नाही. आणि सात दिवस झाले की मेसेज आपला आपण पुसला जातो, इथलाही आणि तिथलाही. बरोबर? मान हलवतेस म्हणजे बरोबर. आणि तुझ्यासारखी मुलं हे सगळं फावल्या वेळात करतात, पै न घेता, त्याचं मला कौतुक आहे, अगदी मनापासून. पण मधे तुमच्यातल्याच कुणीतरी त्याचं नवं रूप काढलं — गोल गोल बटणं, फिके रंग, छान दिसतं, खोटं कशाला बोलू — आणि त्या बटणांना नावं द्यायची राहून गेली. म्हणजे दिसणाऱ्याला दिसतं की हा कागदी बाण आहे, ही कचऱ्याची टोपली आहे. पण निशिकांतच्या फोनमध्ये ती बाई आहे ना, स्क्रीन रीडर म्हणतो तो, मी बाईच म्हणते — ती पूर्वी बोट लावलं की सगळं सांगायची, पाठवा, मागे जा, प्रबोधचा मेसेज, आणि मग मेसेज वाचून दाखवायची. ती एकदम म्हणायला लागली, बटण. बटण. बटण. मेसेजवर बोट ठेवलं की — चित्र. बास. पुढे काही नाही. एकदा त्याने कॉल लावायचा म्हणून अंदाजाने एक बटण दाबलं, तर एका ग्रुपमधून बाहेरच पडला. बरं, दाद मागायची कुणाकडे? परत घ्यायला तिथे कुणी बसलेलंच नाही. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

माझ्या हातात, म्हणजे — ते तसं नवीन नाही. त्याची नजर काही एका दिवसात गेली नाही गं. आधी कडा गेल्या, मग मधलं मधलं उरलं, मग तेही विझत गेलं. बँकेत जायला निघाला आणि इथल्याच जिन्यात पडला, दुसऱ्यांदा पडला, मग स्वतःच म्हणाला, पुरे आता. मी तेव्हा एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघत होते. सोडलं. मला कुणी सांगितलं नव्हतं सोडायला, त्यानेही नाही, तो तर चिडला होता. पण घरी आलेला कागद वाचणार कोण? तेव्हापासून वाचायचं काम माझं. बँकेचे ओटीपी, औषधाच्या बाटल्या, टाउन कौन्सिलच्या नोटिसा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याच्या बहिणीची भांडणं — सगळं माझ्या तोंडून. आणि वाचणारा माणूस थोडं इकडचं तिकडे करतोच ना? नणंदबाईंनी तिरकस लिहिलं की मी सरळ करून वाचायची. मित्राने शिवी हासडली की ती गाळायची. तो हसायचा, म्हणायचा, हा हेमचंद्र मला 'निशिकांतराव' कधीपासून म्हणायला लागला? पण चालायचं. आमचं ते चालायचं. जगात काय चाललंय ते माझ्यातून गाळून त्याच्यापर्यंत पोचायचं, आणि मला — आता तुला खोटं वाटेल — मला त्याचा कंटाळा आला नाही कधी. थकले. पण कंटाळा नाही.

मग तो तोआ पायोहला अंधांसाठीच्या फोनच्या वर्गाला जायला लागला आणि फोनमधली ती बाई घरात आली. तू ऐकलंयस ना तिचं बोलणं, तुला तर सवयच असेल. सुरुवातीला सावकाश बोलायची, मलाही कळायचं. मग ह्याने तिचा वेग वाढवला. मग अजून वाढवला. आता इतकी भरभर बोलते की मला एक शब्द लागत नाही आणि त्याला सगळं कळतं. वर एका कानात इअरफोन. वर तो पडदा — तीन बोटांनी टकटक केली की काच काळी होते, फोन चालू पण बघणाऱ्याला काही दिसत नाही. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणाला, MRTमध्ये शेजारचे डोकावतात. बरं, MRTमध्ये डोकावतात, पण घरातल्या सोफ्यावर कोण डोकावतंय? मीच ना.

आणि मग हे ॲप. प्रबोधने सगळ्यांना ह्याच्यावर आणलं. हा प्रबोध साताऱ्याचा, तोही बँकेतला, तोही आंधळा — मला तो शब्द वापरायला काही वाटत नाही, निशिकांतच वापरतो. बँकांमधून काम केलेल्या अशा लोकांचा त्यांचा ग्रुप आहे, कोणी नागपूरचा, कोणी दुबईचा. कुठल्या साहेबाने काय त्रास दिला, कुठलं सॉफ्टवेअर आपल्याला चालत नाही, हे उघड लिहायचं तर नंबर दिसता कामा नये, नोकरीवर येतं. ते पटतं मला. पण त्यामुळे झालं काय, की निशिकांत सोफ्यावर बसून एकटाच हसायला लागला. मी विचारायची, काय झालं? काही नाही गं, प्रबोधने काहीतरी लिहिलंय. काय लिहिलंय? असंच. आमच्या संसारात 'असंच' हे उत्तर त्याआधी कधी नव्हतं. असायला जागाच नव्हती. मी शेजारी बसून मटार सोलायची आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि मला वाटायचं हा आता परगावी गेलाय.

म्हणून खरं सांगू? रागावू नकोस. तुमची ती चूक झाली आणि माझं घर मला परत मिळालं. कोण्या मुलाने घाईत एक ओळ लिहायची सोडली — तूच म्हणालीस मघाशी, प्रत्येक बटणाला एक ओळ — आणि माझा नवरा पुन्हा संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसायला लागला. पडदा उघडतो, फोन माझ्याकडे देतो, म्हणतो, वाच. मी चष्मा लावते आणि वाचते. मग तो उत्तर सांगतो आणि मी टाइप करते. मला ते सगळे लोक कळले — कोण विनोदी, कोण रडवा, कोण शिष्ट. तो हसतो तेव्हा मीही हसते, एकाच वेळी. तुला हे क्षुल्लक वाटेल. तुझं लग्न व्हायचंय.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आज नको. नाही कधीच असं मी म्हणत नाही, मी काय राक्षसीण आहे का? सोमवारी ये, मंगळवारी ये, मी थालीपिठं करते, लोणी काढून ठेवते. पण आज त्याला सांग की काहीतरी अडलंय, तपासायला लागेल, फोन जुना आहे, तुम्हा लोकांना काय, शंभर कारणं असतात. तुझ्या तोंडून आलं तर तो मानेल. का म्हणजे? असंच. नाही, म्हणजे — आज त्याला जरा बरं नाही, दमलाय, आणि — अगं तू फोन हातात घेऊन का बसलीस? ठेव तो टेबलावर. पडदा उघडाच टाकून गेला वाटतं. बघू नकोस तिथे. कादंबरी.

वाचलंस.

नाही, माफी नको मागूस, समोर उघडा असलेला मेसेज माणूस वाचणारच. मराठीत, मोठ्या अक्षरांत. मी काल रात्री पुन्हा उघडला होता, बंद करायचा राहिला. बस. उठू नकोस. तू अर्धंच वाचलं असशील आणि मनात भलतंसलतं धरून जाशील, त्यापेक्षा मीच सांगते. गेल्या शनिवारी संध्याकाळी आला हा मेसेज. प्रबोध साताऱ्याला एक केंद्र चालवतो — मोठेपणी ज्यांचे डोळे जातात त्यांना कॉम्प्युटर, फोन, काठी, सगळं शिकवून पुन्हा कामाला लावायचं. तिथे शिकवायला निशिकांतला बोलावलंय. दोन वर्षं. राहायचं तिथल्याच वसतिगृहात, आणि पहिले सहा महिने घरच्या कुणी बरोबर यायचं नाही — कारण घरचे आले की हात धरतात, असं लिहिलंय. मेसेजात तेच शब्द आहेत, बघ. हो किंवा नाही ते आज रात्रीपर्यंत कळवायचं, नाहीतर तो सोमवारी दुसऱ्या कुणाला विचारणार. आणि आज दिवेलागणीला सात दिवस होतात. मेसेज पुसला जाईल. त्या दोघांकडे एकमेकांचे नंबर नाहीत, त्यांच्यात तो नियमच आहे. जे काही आहे ते इथेच, ह्या काचेमागे.

आणि मी तो वाचला. वाचला ना, वाचला नाही असं नाही. सुरुवातीला त्याने साताऱ्याच्या फूटपाथला चांगली दहा ओळी भरून शिव्यांची लाखोली वाहिलीय, ती वाचली. कुणाला तरी बढती मिळाली, ते वाचलं. त्याने घरी दळलेला मसाला जळका झाला, ते वाचलं, निशिकांत खूप हसला. मग हे आलं. आणि मग मी शेवटचं, 'काळजी घे, प्रबोध,' हे वाचलं. मधलं नाही वाचलं. खोटं एक अक्षर बोलले नाहीये मी. जे वाचलं ते जसंच्या तसं वाचलं.

तू अशी बघू नकोस माझ्याकडे. तू पुण्याची ना? मग तूच सांग, तिथल्या रस्त्यावर तू डोळे मिटून दहा पावलं चालशील? मधेच खड्डा, मधेच खांब, फूटपाथवरून स्कूटर. इथे बसमधून उतरला की पायाखाली उंचवट्याची पट्टी लागते, ती त्याला दारापर्यंत आणून सोडते. तिकडे तो पडला तर त्याला उचलणार कोण, दुसरा आंधळा? बोलून दाखवायला वाईट आहे हे, मला माहीत आहे, पण मी त्याला दोनदा जिन्याखालून उचललंय, तुम्ही कुणी नव्हतात. त्याच्या कपाळावर इथे व्रण आहे तो मी बघते रोज, तो नाही बघत. साखर आहे त्याला. गोळ्या सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. आणि वय काय — साठीला आलाय. ह्या वयात वसतिगृहात? कॉटवर? स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे म्हणे. त्याला करता येत नाही असं नाही. येतं. सगळं येतं त्याला. परवा मी आंघोळीला गेले होते तर बाहेर येईपर्यंत ह्याने कुकर लावून ठेवलेला. मी म्हटलं, कशाला केलंस? भाजलं असतं म्हणजे? तर म्हणाला, शुभा, मला भूक लागली होती.

मी काय करणार गं दोन वर्षं? सांग ना. नोकरी आता कोण देणार मला? सकाळी उठायचं ते कुणाला उठवायला? माझं इंग्रजी पेपर वाचणंसुद्धा त्याच्यासाठी मोठ्याने असतं, मनातल्या मनात वाचायची सवयच मोडलीय, मनात वाचलं की मला अर्थ लागत नाही. ही काय तक्रार नाहीये. त्याने मला बांधून ठेवलं नाही, मीच बांधून घेतलं, आणि आता तो गाठ सोडतोय म्हटल्यावर मला — थांब, जरा कॉरिडॉरमधून बघून येते. इतका वेळ लागत नाही त्याला. तू बस. फोनला हात लावू नकोस.

बाकावर बसलाय. खाली, त्या झाडाखालच्या बाकावर. पुडा मांडीवर, काठी घडी करून पुड्यावर. करी पफ गार होतायत आणि हा बसलाय. मी हाक मारणार होते पण — मारली नाही. कसा बसलाय माहितीये का, डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसतात तसा. कधी बसत नाही तो तिथे. चल, लवकर ठरव काय सांगायचं त्याला. फोन जुना आहे हे सांग, ते सगळ्यात बरं.

काय?

काय म्हणालीस? पुन्हा म्हण. प्रबोधने लिहिलंय, 'तू विचारलं होतंस त्याचं उत्तर.' हो, लिहिलंय. मग काय झालं? हो, म्हणजे निशिकांतनेच विचारलं असणार आधी, मला न सांगता, तुमचं ॲप धड होतं तेव्हा, इअरफोन घालून, माझ्या शेजारी बसून, मी मटार सोलत असताना. ते मला कळतं, मी आठवडाभर तेच गिळून बसलेय. चोरी फक्त मी केली असं नाही, आधी त्याने — काय? त्याचं काय? उत्तर काय आलं हे त्याने मला विचारलं का? मला कसं विचारेल? मला माहीतच नाही असं त्याला — नाही विचारलं. एवढंच का, म्हणाला. मी वाचून संपवलं तेव्हा. एवढंच का? मी म्हटलं, एवढंच. मग बुधवारी म्हणाला, प्रबोधचा तो मेसेज पुन्हा वाच ना. मला वाटलं, जळक्या मसाल्याची गंमत पुन्हा ऐकायची असेल. वाचला. तसाच. आणि मग त्याने उत्तर टाइप करायला सांगितलं. साधं उत्तर गं. 'मिळालं. कळवतो.'

कळवतो.

काय कळवतो? फूटपाथ, बढती, मसाला — ह्यात कळवायचं काय होतं? मी स्वतःच्या हाताने टाइप केलं. मिळालं, कळवतो. आणि पाठवलं. आणि शेजारी बसून राहिला तो, पाच मिनिटं, दहा मिनिटं, फोन परत मागितला नाही. मी विचारलं, अजून काही लिहायचंय? म्हणाला, नाही, तुला काही वाचायचंय? मी म्हटलं, मला काय वाचायचंय.

त्याला माहीत होतं. अगं, आठवडाभर त्याला माहीत होतं. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ह्याच आठवड्यात यायचं होतं आणि फोन माझ्या हातात. त्याने तो कुणाच्याही हातात दिला असता. खालच्या मजल्यावरचा वरुण आहे, मराठीच आहे, पाच मिनिटांत वाचून दिला असता. तुला बोलावून आठवडा होत आला, पण तुला त्याने आजची वेळ दिली, आजची, शेवटच्या दिवसाची, दुपारची. आणि फोन टेबलावर उघडा टाकून, मला न पाठवता, स्वतः गेला. आणि खाली बसलाय. तो करी पफसाठी नाही गेला गं. मला वेळ देऊन गेलाय.

तू ते शेवटचं वाचलंस का? 'काळजी घे'च्या वरचं? नाही, ते खाली सरकवावं लागतं. दे इकडे. हे बघ. हे मी कुणाला दाखवणार नव्हते. वाच तू. नको, मीच वाचते. 'आणि शुभावहिनींना तू अजून सांगितलं नाहीस हे मला पटलेलं नाही. त्या नाही म्हणतील अशी तुला भीती आहे. मी त्यांना भेटलेलो नाही, पण ज्या बाईने इतकी वर्षं तुला वाचून दाखवलं ती नाही म्हणणार नाही. ती विचारेल, कधी निघायचं.' — हे. हे होतं गं तिथे. सातारा, खड्डे, गोळ्या, ते सगळं मी वाचलं असतं, भांडले असते, आदळआपट केली असती, पण वाचलं असतं. हे मला वाचवेना. ज्या माणसाने माझा चेहरा पाहिला नाही, पाहणारही नाही, त्याने लिहिलंय की मी अशी आहे. आणि मी चष्मा लावून ते वाचत होते आणि मला कळत होतं की मी तशी नाहीये. वाचून दाखवलं असतं तर तसं व्हावं लागलं असतं. तिथल्या तिथे, त्याच्यासमोर. म्हणून गाळलं. मला नाही जमलं. मला भीती वाटली, कादंबरी, दुसरं काही नाही, साधी भीती.

किती वाजले? सहा? अजून आहे. अजून आहे हा मेसेज.

नाही, केबल राहू दे. गुंडाळ ती. अगं नाही, तुझं काम होऊ नये असं नाही, सोमवारी ये, मी बोलावते, सगळ्या बटणांना नावं दे, एकही सोडू नकोस, त्या बाईला पुन्हा बोलती कर, हवी तेवढी भरभर बोलू दे. मी आडवी येणार नाही. पण आत्ता ती बोलली तर त्याला मेसेज मिळेल, आणि मी त्याला तो दिला असं कधीच होणार नाही. हे मशीनला नाही सांगायचं. माझ्याकडे राहिलंय, मलाच द्यायला हवं. चष्मा कुठे ठेवला मी — हा. फोन दे. पडदा उघडाच राहू दे.

तू जा आता. नाही, माझ्याबरोबर लिफ्टने नको, मी जिन्याने जाते, तू दोन मिनिटं थांब आणि मग जा. त्या बाकाजवळून जाऊ नकोस, बाय काका वगैरे काही नको, समजलं? त्याला काठीच्या आवाजासारखाच पावलांचा आवाजही ओळखू येतो, तो थांबवेल तुला, आणि मग माझा धीर जाईल. मागच्या बाजूने जा, MRT तिकडूनही जवळच आहे. दार नुसतं ओढून घे. कप राहू दे तिथेच. जा म्हटलं ना.